तो ताप वेगळा होता

आकडा एक्क्याण्णव होता आणि माणूस खाटेवर मांडी घालून चहा मागत होता.

"मावशी, साखर टाकू नका, पण चहा द्या," गौतम म्हणाला. "राजूर घाटात दोनदा उलटी झाली. तोंड कडू होऊन गेलं."

"आधी बोट हलवू नको," मी म्हटलं.

त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं यंत्र असतं ते. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवतं. धडधाकट माणसाचा आकडा पंचाण्णवच्या वर असतो. एक्क्याण्णव असलेला माणूस दमलेला दिसायला पाहिजे. हा हसत होता. हसत बसलेली अशी माणसं मी आधी पाहिली होती. म्हणून मी चहा आणायला गेले नाही, डॉक्टरांना बोलवायला गेले.

मी बुलढाण्यात एका खाजगी दवाखान्यात आया आहे. शिक्षण चौथी. वय सत्तरच्या पुढे, किती पुढे ते मलाही पक्कं माहीत नाही. भांडं देणं, चादरी बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, कचरा वेगळा करणं ही माझी कामं. सुई टोचणं माझं काम नाही आणि औषध सांगणंही नाही. तरी लोक मलाच गाठून विचारतात, मावशी, कोरोनावर आता पक्कं औषध निघालं का हो? मी हो म्हणते. निघालं आहे. एक सोडून तीन-चार आहेत. गौतमची गोष्ट त्याच औषधांची आहे.

मागच्या उन्हाळ्यातली. गौतम चाळिशीचा, रोहिणखेडकडच्या एका शाळेत शिपाई. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मोठ्या बहिणीनं, सिंधूबाईनं, आपली एक दिली. ऑपरेशन औरंगाबादला झालं, आता संभाजीनगर म्हणतात तिथं. दुसऱ्याचा अवयव शरीर आपला मानत नाही, त्याला हुसकून लावायला बघतं. म्हणून अशा माणसाला जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. त्या गोळ्या शरीराची भांडायची ताकद दाबून ठेवतात. किडनी टिकते. पण मग साध्या खोकल्याशी भांडायलाही अंगात कोणी उरत नाही.

त्या सकाळी सिंधूबाईच त्याला काळीपिवळी जीपमध्ये घालून घेऊन आली होती. साठीची बाई, काटकुळी, पायात प्लास्टिकच्या चपला. भावाची औषधांची पिशवी तिनं छातीशी धरली होती, कडेवर मूल धरतात तशी.

आमच्या डॉक्टरांची पन्नाशी उलटली आहे. कमी बोलतात. चिडले की आणखी कमी बोलतात. त्यांनी नळीनं छाती तपासली, मग वर्षा सिस्टरला म्हणाले, "कोरोनाची किट आहे का एखादी?"

सिस्टरला शोधायला वेळ लागला. कपाटात मागं, तुटलेल्या बीपी मशीनखाली एक डबा निघाला. तारीख अजून बाकी होती. नाकात काडी घातली, थेंब टाकले. थोड्या वेळानं दोन रेषा आल्या. दोन रेषा म्हणजे आहे.

"कोरोना?" सिंधूबाई म्हणाली. "तो तं गेला नं साहेब."

"पेपरातून गेला," डॉक्टर म्हणाले. "ताप कधीपासून आहे?"

"परवापासून."

"नक्की?"

"हाव. परवा सांजच्याले अंग तापलं. म्याच हात लावून पाह्यला."

"त्याच्या आधी काही?"

"काई नाई. चांगला होता. भाकर खात होता."

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी थोडी सुटली. मला तेव्हा कळलं नाही की दोन दिवस ऐकून त्यांना बरं का वाटलं. नंतर त्यांनी सिस्टरला समजावलं ते मी खाटेखाली पुसता पुसता ऐकलं. ते असं होतं. हा विषाणू पहिल्या चार-पाच दिवसांत अंगात वाढतो. त्याला मारायची औषधं तेव्हाच द्यायची. नंतर तो ओसरायला लागतो, पण तोवर शरीरच पेटलेलं असतं आणि आपलीच फुप्फुसं जाळतं. तेव्हा ती आग विझवणारं औषध द्यायचं. त्याला स्टेरॉइड म्हणतात. पहिलं औषध उशिरा दिलं तर फुकट जातं. दुसरं औषध लवकर दिलं तर विषाणूला रान मोकळं मिळतं. औषधाइतकाच दिवस महत्त्वाचा. परवाचा ताप म्हणजे पहिल्या औषधाला वेळ होता.

"गोळी आहे ना सर एक?" सिस्टरनं विचारलं. "बाहेरच्या देशात देतात ती."

"चांगली आहे. पण ती याच्या किडनीच्या गोळीला अंगातून बाहेर पडू देत नाही. किडनीची गोळी साचते आणि तिचं विष होतं. माणूस वाचवायला जाऊ आणि किडनी घालवून बसू."

"दुसरी एक होती."

"ती हलकी आहे. हा माणूस मी तिच्या भरवशावर सोडणार नाही. रेमडेसिविर द्यायचं. तीन दिवस. आजच सुरू झालं पाहिजे."

ते नाव किती दिवसांनी ऐकलं. माझा पोछा तिथंच थांबला.

मला औषधं ओळखू येतात ती कचऱ्यातून. त्या मोठ्या साथीच्या वेळी सुरवातीला मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं पडायची. मग जंताच्या गोळीची. मग विषाणूची एक गोळी आली, मूठ मूठ खायला लावायचे, तिची रिकामी पाकिटं ढिगानं निघायची. बऱ्या झालेल्या लोकांच्या रक्तातलं पाणी काढून आजाऱ्याला चढवायचे, त्या पिशव्या निघायच्या. आणि रेमडेसिविरच्या बाटल्या. आम्ही आया लोक तिला रेमडी म्हणायचो. तिची रिकामी बाटली कचऱ्यात टाकायची परवानगी नव्हती. लेबलवर काळी रेघ ओढून सिस्टरकडं परत द्यावी लागायची. बाहेर लोक रिकाम्या बाटलीत सलाईनचं पाणी भरून विकत होते म्हणे. दवाखान्याच्या दारात माणसं त्या बाटलीसाठी डॉक्टरांच्या पाया पडायची. बहुतेकांना ती मिळाली तेव्हा दिवस उलटून गेले होते. बाटली चढायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खाट धुवायचो.

आज डॉक्टर सांगतात, मलेरियाच्या गोळीनं कोणाचं काही भलं झालं नाही. जंताच्या गोळीनं नाही. रक्ताच्या पाण्यानंही सगळ्यांचं नाही. रेमडी खोटी नव्हती, पण तिची वेळ वेगळी होती. खरी कामाची निघाली ती स्टेरॉइड. सगळ्यात जुनी गोळी, खेड्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी. तिच्यासाठी कोणी पाया पडलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला खाली मेडिकलमध्ये पाठवलं. मेडिकल राठीभाऊंचं. दवाखान्याच्या तळमजल्यावरच आहे.

"रेमडी?" राठीभाऊ हसले. "मावशी, तुम्हीच तं नेली नं खोके भरून. एक्सपायरी झाली होती. विसरल्या काय?"

विसरले नव्हते. दोन वर्षं तो माल त्यांच्याकडं पडून होता. कोणी विचारलं नाही. तारीख उलटली तेव्हा कचऱ्याच्या गाडीपर्यंत मीच तो पोचवला होता. एकेकाळी ज्याची रिकामी बाटली सांभाळली, त्याच्या भरलेल्या बाटल्या टाकल्या.

"नवीन मागवली नाही?"

"कोण घेते? ठेवून का करू, पूजा करू?"

"आज लागते. वरचा पेशंट किडनीवाला हाये."

राठीभाऊंचं हसू गेलं. माणूस वाईट नाही. त्यांनी फोन लावायला घेतला. चिखलीला नाही. मलकापूरला नाही. खामगाववाला म्हणाला, विचारून सांगतो. अकोल्याच्या एका होलसेलवाल्यानं सांगितलं, नागपूरहून मागवून उद्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सवर पार्सल टाकतो. बुलढाण्याला रेल्वे नाही. इथं जे काही येतं ते घाट चढून, बसवाल्याच्या पायाशी ठेवून येतं.

"उद्या संध्याकाळी," मी वर येऊन सांगितलं.

डॉक्टर घड्याळाकडं बघत राहिले. "ठीक आहे," म्हणाले. "उद्या म्हणजे तिसरा दिवस. चालेल."

त्यांनी संभाजीनगरच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडच्यांनी सांगितलं, औषध तुमच्याकडं येतच आहे तर सुरू करा, आकडा घसरला तर इकडं आणा. किडनीच्या गोळ्यांतली एक बंद करायला सांगितली, म्हणजे अंगात थोडी भांडायची ताकद येईल.

गौतमला नाकात ऑक्सिजनची नळी लावली. आकडा चौऱ्याण्णव झाला. त्यानं पुन्हा चहा मागितला, तो मी दिला. शाळेतल्या मुलांचं सांगत होता. मधल्या सुट्टीची घंटा मुलं मलाच लवकर वाजवायला लावतात, मुख्याध्यापक घड्याळ बघतच नाहीत, असं. बोलताना मध्येच थांबत होता आणि आपण थांबतो आहोत हे त्याला कळत नव्हतं.

दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टर ते हातात घेऊन वॉर्डात आले आणि गौतमकडं न बघता उभे राहिले.

"साखर इतकी कशी?" सिस्टरला विचारलं. "याला डायबेटिस नाही ना?"

"नाही सर."

"आणि छातीच्या फोटोत हे दोन्हीकडं पसरलंय. दुसऱ्याच दिवशी? असं होत नाही."

पुन्हा गौतमला विचारलं. तो म्हणाला, ताप परवाचा. ताईला विचारा, सगळं ताईच बघते.

सिंधूबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी माझ्या डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा तिच्यापुढं केला. डॉक्टर विचारतात तेव्हा माणूस परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतो. आयेशी नीट बोलतो. म्हणून मी तिच्याजवळ बसले.

"खा. तू पडली तं त्याले कोण पाहीन?"

तिनं घास मोडला. "बरा होईन नं वं माय?"

"मले काय माहीत? डॉक्टरले बी समजून नाई राह्यलं. म्हणते दोन दिवसात एवढं होत नाई."

"मांगच्या खेपेले तं माह्या मालकाले लय जास्त झालं होतं. याच दवाखान्यात होते. इथून पुडी देल्ली अन् खडखडीत झाले. अजून म्हशी चारून राह्यले."

"हाव, तवा लय लोक होते."

"म्हून तं यावेळी म्या वाटच नाई पाह्यली," सिंधूबाई म्हणाली. "खोकला आला तसी पुडीच देल्ली त्याले."

मी हातातली भाकर डब्यात ठेवली.

"कोनती पुडी?"

"तीच. मालकाची. त्याइले बरं वाटलं तं अर्धी तसीच राह्यली होती. तवा कोनाले भेटत नव्हती नं दवाई. फेकतं काय कोनी? तांदळाच्या डब्यात ठेवली म्या. ओल लागत नाई तांदळात."

"ताप होता तवा?"

"हाव. लय होता. पहिली गोळी देल्ली अन् संध्याकाळी ताप नाई. भूक लागली त्याले. दोन भाकरी खाल्ल्या. शेजारच्या बायाइले म्या दाखवली, पाहा म्हटलं, अजून गुन हाये."

"कवाची गोष्ट हाये हे?"

"मांगच्या बाजारच्या दिवशी. भाजी घेऊन आली तं तो गोधडी घेऊन पडला होता."

मागचा बाजार म्हणजे आठवडा होत आला होता. मी बोटांवर मोजलं नाही, मोजायची गरज नव्हती.

"अन् मंग डॉक्टरले परवा काऊन सांगतलं तुनं?"

सिंधूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "तो ताप वेगळा होता माय. तो उतरला. पुडी सरत आली तं परवा हा दुसरा आला. डॉक्टरनं या तापाचं विचारलं."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडं असंच मोजतात. उतरला तो ताप संपला. नवा आला तो नवा. मीही पोरांचे ताप असेच मोजले आहेत. डॉक्टरांनी विचारलं त्याचं तिनं बरोबर उत्तर दिलं होतं.

"पुडी हाये का तुह्याजोळ?"

तिनं औषधांच्या पिशवीत हात घातला. कॅलेंडरच्या कागदाची पुडी होती, चार घड्यांची, टोक आत खोचलेलं. वर पेनानं काढलेला सूर्य. अर्धा गोल आणि त्याला किरणं.

पुडी माझ्या हातची होती. लहानपणी मी किराणा दुकानात पुड्या बांधायला होते, तशी घडी दुसरं कोणी घालत नाही. साथीच्या वेळी प्लास्टिकच्या पिशव्या संपल्या तेव्हा घरी जाणाऱ्या पेशंटच्या गोळ्या मीच जुन्या कॅलेंडरच्या पानांत बांधत होते. सिस्टर मोजून द्यायची, मी बांधायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सकाळच्या गोळीवर सूर्य काढायचा, रात्रीच्यावर चंद्र. गोळीचं नाव लिहायला कोणाला सवड नव्हती. कशाची गोळी, कधी द्यायची, कधी द्यायची नाही, यातलं काही त्या सूर्यात नव्हतं.

आत दोन गोळ्या उरल्या होत्या. पांढऱ्या, लहान. मी पुडी घेतली आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवली. जे ऐकलं ते सांगितलं.

डॉक्टरांनी एक गोळी उजेडात धरून पाहिली. तिच्यावरचा छाप वाचला. खाली ठेवली.

"स्टेरॉइड," ते म्हणाले.

"जुनी झालेली आहे सर," सिस्टर म्हणाली. "एवढी काय चालली असेल?"

"चालली नसती तर बरं झालं असतं. दम होता गोळीत. साखर वाढवली आणि ताप झाकून ठेवला तिनं. आत विषाणू वाढत राहिला, बाहेर हा जेवत राहिला."

मग त्यांनी सिंधूबाईला आत बोलावलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. त्याचं मला अजून नवल वाटतं. खुर्ची दिली.

"ताई, मागच्या बाजारच्या दिवशी ताप आला तो हाच ताप होता. मध्ये गेला नव्हता. गोळीनं दबला होता."

"मंग आता?"

"जे औषध उद्या येतंय ते आठवडाभर आधी पाहिजे होतं."

"म्हंजे नाई देनार?"

"देणार. याच्यासारख्या पेशंटमध्ये विषाणू जास्त दिवस राहतो, थोडा उपयोग होऊ शकतो. पण मी तुम्हाला आशा लावणार नाही."

संध्याकाळी आकडा अठ्ठ्याऐंशी झाला, नळी असून. नळी काढून मास्क लावला. डॉक्टरांनी सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं. सिस्टरनं काचेची कुपी फोडली. सिंधूबाई दारात उभी होती. तिला वाचता येत नाही, पण विचारायला येतं.

"हे कायचं व्हय?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं.

"पुडीत होतं तेच. सुईतून."

"तेच?"

"तेच. त्याचा ऑक्सिजन उतरलाय, आता हेच द्यावं लागतं. तुमच्या मालकांनाही ऑक्सिजन उतरल्यावरच दिलं होतं."

सिंधूबाईनं ती फुटकी कुपी उचलून पाहिली. "म्या देल्लं तं वाईट," ती म्हणाली, "अन् तुमी देल्लं तं चांगलं."

"वेळेचा फरक आहे, ताई."

"ते त्या पुडीवर कुठं लिवलं होतं?"

सुई डॉक्टरांनी स्वतः टोचली. सूर्य मी काढला होता, पण कोणी वेळ सांगितली असती तरी ती लिहिणार कोण होतं आणि वाचणार कोण होतं?

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. राठीभाऊ स्वतः ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले होते. थर्माकोलच्या खोक्यात बाटल्या होत्या. पहिली बाटली चढवली. गौतम आता चहा मागत नव्हता. मी त्याला पोटावर पालथं करायला गेले तेव्हा म्हणाला, "मावशी, शाळेच्या घंटेच्या खोलीची चावी माह्या खिशात राह्यली. द्या कोनाच्या हातानं पाठवून." खिशात चावी होती. मी ती सिंधूबाईजवळ दिली.

रिकामी बाटली मी सवयीनं सिस्टरकडं परत द्यायला नेली.

"टाका मावशी," ती म्हणाली. "आता कोण चोरतं?"

रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीही खाली जाऊ लागली. ज्या दिवशी बाटल्या संपल्या त्या दिवशी आकडा मास्कवरही टिकेना. संभाजीनगरला फोन झाला. त्यांनी सांगितलं आणा. ॲम्ब्युलन्समध्ये सिंधूबाई पुढं ड्रायव्हरजवळ बसली. पिशवी छातीशी धरलेली होतीच. तिनं खिडकीतून मला हाक मारली.

"मावशी, तिथं तं मोठे डॉक्टर हायेत नं? त्याइच्याजोळ असन नं काई?"

"असन," मी म्हटलं.

तिथंही तेच होतं. वेगळं काही नव्हतं. मशीनवर ठेवलं होतं म्हणे. गौतम गेला ते आम्हाला राठीभाऊंकडून कळलं, त्यांना त्या ॲम्ब्युलन्सवाल्यानं सांगितलं होतं. त्या दिवशी डॉक्टर ओपीडीत एका बाईला खोकल्याचं औषध लिहीत होते. ऐकून म्हणाले, "हं." आणि लिहिणं पुरं केलं. मी खाटेवर नवी चादर घातली.

दिवाळीनंतर सिंधूबाई परत आली. एकटीच, काळीपिवळीतून उतरून, तोंडाला पदर बांधून. नंबर लावायला न थांबता सरळ माझ्यापुढं उभी राहिली.

"ताप काल दुपारी आला," ती म्हणाली. "म्हशी पान्यावर गेल्या होत्या तवा. कालच्याआधी काई नाई. म्या काई खाल्लं नाई. गोळी नाई, काढा नाई. तसीच आली."

"तुह्यीच तब्येत?"

"माह्यीच."

मी तिच्याकडं पाहिलं. भाऊ गेला तेव्हा तिची एक किडनी त्याच्याबरोबर जळाली. आता एकच आहे आणि वय साठच्या पुढं.

डॉक्टरांनी तपासलं. किट आता समोरच्या कपाटात असते. दोन रेषा आल्या. आकडा शहाण्णव होता.

"बरोबर दिवशी आलात," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना क्वचित ऐकलं आहे. "भावाला देता आली नव्हती ती विषाणूची गोळी तुम्हाला सुरू करतो. तुम्हाला ती चालते, थोडी कमी करून द्यायची."

चिठ्ठी घेऊन मी खाली गेले. राठीभाऊंनी वाचली आणि फोनही उचलला नाही.

"ही तं आपल्याकडं कधी आलीच नाही मावशी."

"अन् रेमडी?"

"तवा मागवली तेवढीच. पुन्हा कोनं विचारलं?"

तरी मी उभी राहिले म्हणून त्यांनी दोन फोन केले. गोळी पुण्याहून मागवावी लागेल, रेमडी आता नागपूरलाही नाही, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं उत्तर आलं. मी वर जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठी परत घेतली, त्यावर रेघ मारली आणि खाली तापाची साधी गोळी लिहिली.

सिंधूबाई सगळं बघत होती. "येळेवर आली नं मी?" तिनं विचारलं.

"हो. अगदी वेळेवर."

"मंग?"

डॉक्टरांनी तिला सांगितलं, पाणी भरपूर प्या, बोटाला हे यंत्र लावत जा, आकडा शेजाऱ्यांकडून वाचून घ्या, खाली आला तर लगेच या. दवाखान्यातला एक ऑक्सिमीटर त्यांनी तिला घरी न्यायला दिला. तापाच्या गोळ्यांचं पाकीट ती पुडीसारखं कनवटीला लावायला लागली, तेव्हा मी ते तिच्या हातातून घेतलं आणि त्यावर काय आहे ते वर्षा सिस्टरकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. वाचता येत नसलं तरी शेजारपाजारचं कोणी वाचेल.

सिंधूबाई बरी झाली. औषधानं नाही. नुसती झाली. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर काय झालं असतं ते मी सांगत नाही.

मला विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. ताप आला की वार लक्षात ठेवा. मध्ये उतरला तरी पहिलाच वार सांगा. घरात जुनी पुडी असेल तर टाकून द्या, तांदळाच्या डब्यातलीसुद्धा. म्हणजे तुम्हाला कोणतं औषध लागतं ते डॉक्टर बरोबर सांगतील. आणि ते इथं मिळत नाही, हेही तुम्हाला वेळेवर कळेल.